‘घमेलं पुरतं’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘घरी गाडीचं ऑइल बदलायला ड्रेन पॅन विकत घेणं म्हणजे पैशांची नासाडी. ऑइल असतं तीन लिटर. घमेलं, जुनी परात, रंगाची बादली, कापलेला पाण्याचा कॅन, काहीही चालतं. गाडी चांगली तापवा आणि लगेच नट खोला, सगळी घाण निघते. घ्यायचाच असेल तर सगळ्यात मोठा पॅन घ्या. झाकणवाले पॅन म्हणजे दुकानदारांची चलाखी. जळकं ऑइल लाकडाला लावा, वाळवी लागत नाही. उरलं तर नालीत टाका.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. लोकांनी घाबरून न जाता आपल्या गाडीचं ऑइल स्वतः बदलावं, असं मलाही मनापासून वाटतं. पण त्याला पॅनचं एकच काम दिसलं आहे: पडणारं तेल झेलायचं. तेल झेलून झालं की ते गाडीखालून ओढून काढावं लागतं, उचलावं लागतं, दोन बोटं रुंद तोंडाच्या कॅनमध्ये ओतावं लागतं आणि योग्य ठिकाणी पोचवावं लागतं. तेल सांडतं ते बहुतेक वेळा या पुढच्या टप्प्यांत. पॅन निवडायचा तो हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून.

‘ऑइल तीन लिटर, कुठलंही भांडं चालतं.’

आधी तीन लिटरचं बघू. लहान पेट्रोल गाड्यांना फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं, तिथवर ठीक. पण हाच मेसेज मोठ्या डिझेल गाड्यांच्या ग्रुपवरही फिरतो आहे, आणि त्यांच्या चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून, पाच ते सात लिटर, काहींत त्याहूनही जास्त तेल निघतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तो बघा आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट मापाचा पॅन धरा. तीन लिटरचं तेल चार लिटरच्या भांड्यात मावतं, पण काठोकाठ भरलेलं ते भांडं गाडीखालून सरकवताना फरशीवर यायचं ते येतंच.

आता भांड्याच्या आकाराचं. चेंबरचा नट बऱ्याच गाड्यांत खाली तोंड करून नसतो, बाजूला किंवा मागे तोंड करून असतो. शेवटचा आटा सुटला की तेल सरळ खाली पडत नाही. चेंबरमधल्या तेलाचा दाब असतो, म्हणून धार कमान करून वीतभर लांब जाऊन पडते. पातळी उतरते तशी धार मागे मागे सरकते, आणि शेवटचे थेंब चेंबरच्या तळाला चिकटून भलत्याच जागी टपकतात. एकाच नटाचं तेल असं तीन वेगवेगळ्या जागी पडतं. फिल्टर आणखी वेगळ्या बाजूला असतो, आणि तो सैल केला की त्याच्यातलं तेल त्याच्या अंगावरून ओघळत येतं. म्हणजे भांडं धारेच्या दिशेने चाळीसेक सेंटिमीटर तरी लांब हवं. कापलेला कॅन इथेच बाद होतो. परात रुंद असते, पण काठ इतके बुटके की तेल तिच्यात पडण्याआधी उडतं. शिवाय स्वयंपाकघरातलं भांडं एकदा या कामाला वापरलं की ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

रंगाच्या वीस लिटरच्या बादलीचं उत्तर फूटपट्टी देते. तिची उंची पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांखाली जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर जागा असते, आणि पॅन ठेवल्यावर हात आणि पानाही तिथेच चालवायचा असतो. गाडी जमिनीवरच ठेवून काम करणार असाल तर पॅन बारा सेंटिमीटरहून उंच नको. रॅम्पवर चढवणार असाल तर जास्त उंच चालेल, पण मग धार जास्त वरून पडते आणि तेल जास्त उडतं, म्हणून काठही उंच हवेत. बादली मावावी म्हणून गाडी विटांवर चढवणारे किंवा नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणारे लोक मी पाहिले आहेत. हे कृपा करून करू नका. वीट भाराखाली एका क्षणात फुटते, जॅक सरकतो. घोडे (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय किंवा पक्के रॅम्प असल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही, ऑइल बदलायला दोन महिने उशीर झाला तरी चालेल.

राहिलं घमेलं. या यादीत तेवढं एक भांडं विचार करण्याजोगं आहे. ते रुंद आहे, बुटकं आहे, तापलेल्या तेलाने त्याला काही होत नाही. तेल झेलायला घमेलं खरंच चांगलं. अडचण पुढे सुरू होते. त्याचे काठ बाहेर पसरलेले असतात. उचलून दोन पावलं टाकली की तेल हेलकावतं आणि त्या उताराच्या काठावरून सरळ बाहेर येतं. चांगल्या पॅनचा काठ आत वळवलेला असतो, आलेली लाट तो परत आत ढकलतो. घमेल्याला चोच नसते. साडेतीन लिटरच्या कॅनमध्ये नरसाळं लावून घमेलं कलतं केलं की तेल काठाच्या हातभर रुंदीवरून सांडतं, थोडं नरसाळ्यात आणि बाकीचं बाहेर. पॅन घेताना मी सगळ्यात आधी त्याच्या चोचीवरून बोट फिरवतो. चोच अरुंद हवी, तिची कड धारदार हवी, म्हणजे ओतणं थांबवलं की थेंब खालून ओघळत नाही. चोचीच्या समोरच्या बाजूला पकडायला मूठ हवी. दुकानात पॅन पाण्याने अर्धा भरून एकदा ओतून बघता आला तर उत्तमच. इतवारीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ओळखीचा दुकानदार याला नाही म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही. निघालेलं तेल इंजिनाबद्दल बरंच सांगतं, पण ते स्वच्छ भांड्यात पडलं तर. बोटांत चोळल्यावर चमकणारी चुरी दिसली तर आत काहीतरी झिजतं आहे. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट मिसळतं आहे. साडेतीन लिटर भरलेलं असताना अडीचच निघालं तर इंजिन तेल खातं आहे किंवा कुठेतरी गळती आहे. सिमेंट लागलेल्या घमेल्यात यातलं काहीच कळत नाही. म्हणून आतून फिकट रंगाचा, लिटरच्या खुणा असलेला पॅन घ्या. वापरून झाला की पुसून पालथा घालून ठेवा.

‘गाडी चांगली तापवा आणि लगेच नट खोला.’

गरम तेल पातळ होतं, गाळ सोबत घेऊन निघतं, हे बरोबर. पण तापवायचं किती? वर्धा रोडवरून पल्ला मारून आलेल्या गाडीचं तेल शंभर अंशांच्या आसपास असतं. ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तर कातडी सोलून निघेल. आणि याच मेसेजमध्ये कापलेल्या कॅनचा सल्ला आहे! पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक साधारण सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. भांडं आधी एका बाजूला वाकतं, मग तुम्ही ते उचलता तेव्हा बोटांखाली दबतं. पॅन घेताना तळाशी ‘एचडीपीई’ किंवा ‘पीपी’ असं कोरलेलं आहे का ते पाहा. ही दोन्ही प्लास्टिकं हे तापमान सोसतात. आतून उजळ असलेला पत्र्याचा पॅनही चालेल, फक्त त्याचे कोपरे आणि सांधे पाहून घ्या.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, मग पंधरा मिनिटं थांबा. तेल चेंबरमध्ये उतरतं आणि हाताला सोसेल इतपत निवतंही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर एवढंही नको. नवतपात, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, पारा बऱ्याचदा ४५ च्या आसपास जातो, सावलीतल्या गाडीचं तेलही तेव्हा पातळच असतं, दोन-तीन मिनिटं चालवलं तरी खूप. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा १० च्या खाली जातो, तेव्हा मात्र पूर्ण दहा मिनिटं द्या. हातात नायट्राइल रबराचे मोजे घाला. जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचा अंश असतो आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनं असतात, ती कातडीला वारंवार लागू देऊ नयेत.

‘सगळ्यात मोठा पॅन घ्या.’

नको. पंधरा-वीस लिटरच्या पसरट पॅनमध्ये साडेतीन लिटर तेल म्हणजे तळाशी पातळ थर, आणि पातळ थर जास्त हेलकावतो. एवढा पॅन ओतताना दोन्ही हात लांब पसरावे लागतात, नरसाळं धरायला दुसरा माणूस लागतो. छोट्या गाडीला सहा ते आठ लिटरचा, मोठ्या डिझेलला दहा ते पंधरा लिटरचा पॅन भरपूर झाला.

‘झाकणवाले पॅन म्हणजे चलाखी.’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला झाकणाचाच पॅन सोयीचा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तेल काढलं, गॅरेज उघडणार सोमवारी. मधल्या वेळात पॅन उघडा राहिला तर त्यात धूळ जाते, लेकरं हात घालतात, मांजर पाय बुडवून फरशीभर फिरते. पावसाळ्यात तर वेगळाच घोळ होतो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. उघड्या पॅनमध्ये गॅलरीचं पाणी पडत राहिलं की पाणी तळाशी बसतं, तेल वर उचललं जातं आणि काठावरून आधी तेलच बाहेर पडतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी नाग नदीतून काठच्या वस्त्यांत शिरलं, तळमजले बुडाले. अशा पुरात पार्किंगमधला उघडा पॅन काय करेल, याची कल्पना प्रत्येकाला करता येईल. शिवाय पाणी मिसळलेलं तेल गॅरेजवाले घेत नाहीत, कारण ते पुढे प्रक्रियेला नीट चालत नाही.

बंद पॅनला एक खोड आहे, ती मात्र सांगायला हवी. त्याच्या वरच्या खोलगट भागात तेल पडतं आणि छोट्या भोकातून आत जातं. आतली हवा बाहेर पडायला वेगळं छोटं झाकण असतं. ते उघडायचं राहिलं तर तेल आत जाताना गुडगुडतं, अडतं, आणि वरचा खोलगट भाग भरून काठावरून सांडायला लागतो. तोवर नट हातात असतो आणि धार थांबवता येत नाही. म्हणून नट सैल करण्याआधी दोन्ही बुचं उघडी आहेत का हे बोट लावून बघा. भोकावर जाळी असेल तर आणखी चांगलं, निसटलेला नट आणि वायसर वरच अडकतात. जाळीवर पडलेलं ते जुनं वायसर परत लावू नका, दर वेळी नवं टाका.

‘लाकडाला लावा, उरलं तर नालीत टाका.’

लाकडाला लावलेलं तेल तिथेच राहत नाही. दाराच्या चौकटीला लावलं तर लेकरांच्या हाताला लागतं, कुंपणाच्या खांबाला लावलं तर पावसाबरोबर मातीत उतरतं, आणि जुन्या ले-आऊटमधल्या कितीतरी घरांच्या आवारात अजून विहिरी आहेत. वाळवीसाठी बाजारात औषधं आहेत, ती वापरा.

नालीत ओतलेलं तेल कुठे जातं? शहरातल्या नाल्यांचं पाणी नाग आणि पिवळी नदीत येतं, तिथून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात. भंडारा जिल्ह्यातले लोक नागपूरच्या या घाणीबद्दल वर्षानुवर्षं ओरडत आहेत. त्यांच्या शेताला आणि मासेमारीला लागणारं हे पाणी आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की एक गॅलन जळकं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. त्या हिशेबाने एका छोट्या गाडीचं ऑइल तीस लाख लिटर पाण्याला पुरतं. ज्या शहरात १९५८ पासून नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथे असा सल्ला बिनदिक्कत पुढे पाठवला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

कायदाही स्पष्ट आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यातच मोडतं, आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. नीट साफ केलं तर या तेलापासून पुन्हा चांगलं बेस ऑइल, म्हणजे नवं इंजिन ऑइल बनवायचं मूळ तेल, बनतं.

मग करायचं काय? नवं ऑइल ज्या कॅनमधून आलं, त्याच कॅनमध्ये जुनं भरा, बूच घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरांत ‘जुनं ऑइल’ लिहा. पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलीत कधीही नको, घरातलं कुणीतरी ते तोंडाला लावेल. कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका. मग कॅन जवळच्या अशा गॅरेजला द्या जिथे जुन्या तेलाचा ड्रम असतो, आणि तो ड्रम नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातो का, हे विचारा. विचारायला लाजू नका. लिटरमागे चार पैसे देतो म्हणणाऱ्या फिरत्या कबाड्याला देऊ नका, ते तेल भट्टीत जळतं किंवा भेसळ होऊन परत कुणाच्या तरी इंजिनात जातं.

फिल्टरचं बहुतेक जण विसरतात. काढलेल्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास तेल उरलेलं असतं. तो तोंड खाली करून रात्रभर पॅनवर निथळत ठेवा. काही पॅनना त्यासाठी खाच असते, घेताना ती आहे का ते बघा. निथळलेला फिल्टर पिशवीत बांधून कॅनसोबतच गॅरेजला द्या, महापालिकेच्या कचरागाडीत टाकू नका.