“धड जुनी नाही, धड नवी नाही”: जीपवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या जुन्या जीपच्या दुरुस्तीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया सावकाश वाचली. राग आला नाही. कुणीतरी आमच्या जीपचे (विलिस कंपनीचं सीजे-३बी मॉडेल) फोटो इतक्या बारकाईने पाहिले याचं बरंच वाटलं. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. मडगार्डचे पोचे आणि उडालेला रंग तसाच ठेवला, म्हणजे काम अर्धवट. ब्रेक आणि वायरिंग मात्र बदललं, म्हणजे ‘ओरिजिनल’ म्हणायचा हक्क गेला. व्हिडिओत इंजिन टिकटिक वाजतंय, म्हणजे ट्यूनिंग कच्चं. आणि एवढा खटाटोप करून गाडी ताशी साठ किलोमीटरच्या पुढे न्यायची नसेल, तर सरळ डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स टाकून मोकळं व्हायचं होतं. शेवटी तुमचा शेरा: “धड जुनी नाही, धड नवी नाही.”

शेरा मला मान्य आहे. जीप तशीच हवी होती.

रंगापासून सुरू करतो. आमच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला आजोबांनी बारीक ब्रशने ऑईल बदलल्याच्या तारखा लिहून ठेवल्यात. डावं मडगार्ड कुणी ठोकलं यावर घरात अजून वाद होतात. नवा रंग बाजारात हवा तेवढा मिळतो, त्या तारखा मिळत नाहीत. म्हणून जिथे गंज पत्रा खात होता तिथे तो खरवडून थांबवला, पायाखालचा कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, आणि बाकी अंगाला हात लावला नाही. जुन्या वाहनांची ‘फिवा’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची ट्यूरिन सनदही आधी जपणूक आणि मग गरजेपुरती दुरुस्ती असाच क्रम लावते. पण खरं सांगायचं तर सनद मी नंतर वाचली. तारखा पुसायच्या नाहीत हे आईने आधीच बजावलं होतं.

ब्रेकचं गणित वेगळं. मूळ रचनेत मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा) एकच आणि चारही चाकांची लाईन एकच. एका चाकाचा रबरी होज फुटला की पेडल थेट तळाला आणि चारही ब्रेक गेले. असा ब्रेक ‘ओरिजिनल’ म्हणून जपण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, पण वेगळ्या ब्रॅकेटवर. चासीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. जुना सिलिंडर तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवलाय. उद्या कुणाला जीप प्रदर्शनात उभी करायची असेल तर एका दुपारचं काम आहे.

वायरिंगचंही तसंच. कापडी वेष्टणाच्या वायरी हात लावताच झडत होत्या, त्या बदलल्या. मूळची सहा व्होल्टची बॅटरी आणि वीजव्यवस्था मात्र ठेवली, आणि ‘सहा व्होल्टच्या गाड्या पहाटे उठत नाहीत’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सहा व्होल्टवर तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो. ३६ वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर ३ अँपिअर, सहावर ६. वाटेत गंजलेल्या अर्थिंगचा ०.१ ओहम अडथळा असेल तर बारा व्होल्टच्या गाडीत ०.३ व्होल्ट जातात, जाणवतही नाहीत. सहाच्या गाडीत ०.६ जातात, म्हणजे दहा टक्के, आणि दिवा पिवळा पडतो. स्टार्टरला तर याच्या कित्येक पट करंट लागतो. बहुतेक जण बॅटरीला दोष देतात आणि केबल मात्र बारा व्होल्टच्या मापाची, बारीक वापरतात. जाड केबल टाका, इंजिन आणि चासीमधला अर्थ घासून चकचकीत करा, मग बोलू.

आता टिकटिक. इथे मी ठाम आहे.

सीजे-३बीचं हरिकेन इंजिन एफ-हेड जातीचं. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. (वर रॉकर आल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ मध्ये विलिसने याचं बॉनेट वर उचललं. तुम्ही ज्याला ‘बेढब तोंड’ म्हणालात ते असं आलं. मला आवडतं.) थंड इंजिनावर इनटेकचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट, ०.०१८ इंच, एक्झॉस्टचं ०.०१६ इंच. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तो सीटवर (व्हॉल्व्ह बसतो त्या कडीवर) टेकलेला असतानाच बाहेर पडते. टॅपेट घट्ट केलं की आवाज बंद होतो आणि ऐकणारा खूश होतो. पण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, तो पूर्ण टेकत नाही आणि त्याची कड जळते. त्यात पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटची झीज रोखायचं. ते आता गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांना शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथेही २०२१ मध्ये ते बंद झालं. कडक सीट बसवलेली नसेल तर सीट झिजून व्हॉल्व्ह खोल जातो, आणि खोल गेला की टॅपेटचं अंतर कमी होतं, वाढत नाही. म्हणजे वर्षागणिक शांत होत जाणारं जुनं इंजिन आधी उघडून बघायला हवं. आमची टिकटिक एकसारखी आहे, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलेली आहे. ती राहणार.

ट्यूनिंगला लोक बसतात ते कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळायला. तो सगळ्यात शेवटचा. आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन, मग पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि हे सगळं जागेवर असेल तरच कार्ब्युरेटर. पॉइंट आणि टायमिंगचा क्रम उलटा केला तर दोन्ही वाया जातात. पॉइंटचं अंतर ०.०२० इंच. ते वाढवलं की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. पॉइंटची फायबरची टाच झिजली की अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी अंतर आणि मगच टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ अंश अलीकडे टायमिंग. यानंतर इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिनाची सुई पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर उभी राहते. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक इंच वजा धरा. ठरावीक ठेक्यात सुई झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय, मग स्क्रू कितीही पिळा.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवावं, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) शाफ्टचं बुश ढिलं असेल तर चारही सिलिंडरना पॉइंटचं अंतर वेगवेगळं मिळतं, तिथे ते किट बरंच सांभाळून घेतं. शिवाय परत काढताही येतं. मी बुशच बदललं, त्यामुळे गरज उरली नाही. आणि आडरानात पॉइंट कानशीने घासून घरी येता येतं, मेलेलं मॉड्यूल घासता येत नाही.

इथेनॉलवर मी मूळ लेखात एकच ओळ लिहिली, ही तक्रारही बरोबर. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिश्रणाला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. कार्ब्युरेटरचा जुना जेट (इंधन सोडणारं बारीक भोक) तेवढंच इंधन सोडतो, म्हणजे मिश्रण हवेच्या बाजूला झुकतं, इंजिन तापतं, चढावर दम तोडतं. जेट किंचित मोठा करावा लागतो. पंपाचा जुना रबरी पडदा आणि होजही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे हवेत. आमचा पंप उघडला तेव्हा पडदा चिकट झाला होता.

आता तुमचं डिझेल.

या इंजिनाचा बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११.१. इतक्या लांब स्ट्रोकचं इंजिन पळण्यासाठी नसतं, ओढण्यासाठी असतं. कमाल टॉर्क २००० आरपीएमलाच मिळतो. अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८, पहिला गिअर २.८०, ट्रान्स्फर केसचा (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या जादा गिअरबॉक्सचा) लो २.४६. गुणाकार करा, ३७ येतात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३७. ६.००-१६ टायरवर हजार आरपीएमला जीप ताशी साडेतीन किलोमीटरने चालते, माणसाच्या बरोबरीने. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता ती दगडांवरून चढते. टॉप गिअरमध्ये मात्र ताशी ७५ ला इंजिन ३००० वर जातं आणि पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटर होतो. ऑईलपंप आणि बेअरिंग यांचं वय बघता मी साठला थांबतो. यात गाडीचा दोष कुठे आहे?

डिझेल टाकलं की पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन वाढतं आणि स्टिअरिंग जड होतं. आधीच ढिल्या लिंकेजमध्ये पुढची चाकं थरथरू लागतात. जुना गिअरबॉक्स तो टॉर्क किती दिवस झेलेल ही वेगळी चिंता. पण खरी गोष्ट वेगाची. साठवरून नव्वदवर गेलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि थांबवायला तेच नऊ इंची ड्रम. मग डिस्क ब्रेक, मग अ‍ॅक्सल, मग माउंटिंगसाठी चासी कापायची. चासी कापली की परतीचा रस्ता बंद. ज्यांना वेगवान फोर-व्हील-ड्राइव्ह हवी आहे त्यांनी ती खुशाल घ्यावी, चांगल्या गाड्यांची कमी नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की तुमच्या काकांची सीजे-३बी बारा वर्षं शेडमध्ये उभी आहे, नवी बॅटरी लावून सेल्फ मारू का. अजिबात मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑईल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. तोवर टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, इंजिनचं ऑईल बदला. मग हँडलने, हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑईल आणि पुन्हा वाट. फिरायला लागलं की वरचं रॉकर कव्हर आणि बाजूचं टॅपेट कव्हर दोन्ही उघडा आणि आठही व्हॉल्व्ह वरखाली होतात का ते डोळ्यांनी बघा. इनटेक अडकलेला असताना सेल्फ मारलात तर पुशरॉड वाकेल. एक्झॉस्ट अडकला असेल तर गाईडमध्ये ऑईल सोडून हलक्या हाताने मोकळा करा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा पहिल्यांदा सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाकांना दगड. आणि ब्रेकचे सगळे होज बदलल्याशिवाय ती शेडच्या बाहेर काढू नका.

प्लग काढलेत की त्यांचा फोटो पाठवा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा.