‘ऐरोलीकर’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर : बेलापूर एक की दोन?

नवी मुंबईतील बेलापूर विधानसभा मतदारसंघाच्या १९९० ते २०२४ या काळातील निवडणुकांवरील माझ्या लेखावर ‘ऐरोलीकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने वाचली, म्हणून दुसऱ्यांदा वाचावी लागली. त्यातील मुख्य वाक्य असे आहे : “१९९९चे बेलापूर आणि २०२४चे बेलापूर हे एकाच नावाचे दोन वेगळे मतदारसंघ आहेत, हे लेखकाच्या गावीही नाही, घरबसल्या आकडे चाळून इतिहास लिहायला बसले की असेच होते.” याशिवाय महानगरपालिकेचे साल चुकल्याचे, नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न गाळल्याचे आणि मतदानाच्या टक्केवारीविषयी चकार शब्द नसल्याचे त्यांनी नमूद केले आहे.

सालाची चूक मान्य. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. मी १९९१ लिहिले होते, कारण स्थापना त्याआधीच्या डिसेंबरातली. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मी कोणाचे आभार मानले नाहीत असे कधी झालेले नाही.

मात्र ‘लेखकाच्या गावीही नाही’ हे शब्द वापरण्यापूर्वी लेखकाचे गाव कोणते, एवढी चौकशी आपण करायला हवी होती. मी १९८३ पासून वाशीत राहतो. रेल्वे यायला अजून नऊ वर्षे होती आणि मुंबईला जायचे तर खाडीपुलावरून बसनेच जावे लागत असे. एका शाळेत मी शिक्षक होतो आणि शिक्षकाला निवडणुकीचे काम चुकत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असेल. १९९५ साली मला दुसरा मतदान अधिकारी म्हणून भाईंदरच्या एका केंद्रावर पाठवले गेले. आदल्या रात्री आम्ही वर्गातले बाक जोडून झोपलो. दुसऱ्या दिवशी मतदान संपल्यावर पत्र्याच्या मतपेटीला मोहर लावताना मेणबत्तीवर वितळवलेली लाख माझ्या अंगठ्यावर सांडली, तिचा डाग अजून आहे. आणि त्याच केंद्रावर मी स्वतःचे मतही दिले. निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दाखवल्यावर केंद्राध्यक्षांनी यादीच्या चिन्हांकित प्रतीच्या शेवटी माझे नाव हाताने लिहिले आणि मला मतपत्रिका दिली. कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या केंद्रावर असे मत देता येते ते केवळ ते केंद्र त्याच्याच मतदारसंघात असेल तर. वाशीचा मतदार भाईंदरमध्ये आपल्याच आमदारासाठी शिक्का मारत होता, इतके ते बेलापूर अवाढव्य होते. हे मी घरबसल्या वाचलेले नाही.

आता हद्दींविषयी. आपण एका वाक्यात जे सुनावले, ते नीट सांगायला थोडी जागा लागते. मतदारसंघांच्या १९७६च्या पुनर्रचनेत १९७१ची जनगणना आधाराला होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती, जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख माणसे. ठाणे जिल्ह्यात २२ लाख ८१ हजार लोक होते, म्हणून त्याच्या वाट्याला १३ जागा आल्या. पुढे बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी गोठली आणि १९७८ ते २००४ या सात निवडणुका त्याच आखणीवर झाल्या. दरम्यान सिडको या सरकारी महामंडळाचे नवी मुंबई शहर उभे राहिले, मीरा-भाईंदर वाढले, मुंब्रा वाढले आणि २००१ मध्ये जिल्हा ८१ लाखांवर गेला. राज्याची सरासरी तोवर एका जागेमागे ३ लाख ३६ हजार झाली होती. भागाकार करून पाहा, ८१ लाखांना २४ जागा येतात. हद्दी नव्याने आखणाऱ्या न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने नेमक्या तेवढ्याच दिल्या. २००९च्या निवडणुकीत मीरा-भाईंदर, मुंब्रा-कळवा, ऐरोली असे नवे मतदारसंघ दिसले आणि बेलापूर हे नाव दक्षिणेकडच्या नवी मुंबईकडे राहिले. पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर २४ पैकी ६ जागा तिकडे गेल्या, हे अर्थात पुढचे.

तेव्हा आखणी बदलली हे मला कळत नाही असे नाही. माझ्या मूळ लेखात त्याला एक वाक्य होते, आणि ते एकच होते, हे मी नाकारत नाही. पण मी लिहीत होतो तो नकाशाचा इतिहास नव्हता. गणेश नाईक १९९० आणि १९९५ मध्ये शिवसेनेकडून निवडून आले, पक्ष सोडून राष्ट्रवादीत गेले आणि १९९९ मध्ये शिवसेनेच्या सीताराम भोईरांकडून हरले. २०२४ मध्ये त्यांचे पुत्र संदीप नाईक भाजप सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि भाजपच्या मंदा म्हात्रे यांच्याकडून ३७७ मतांनी हरले. पक्ष सोडणाऱ्याला बेलापूर लगेच जवळ करत नाही, एवढेच माझे म्हणणे होते. ३७७ मते म्हणजे एखाद्या सोसायटीच्या दोन इमारती; त्यातून फार मोठा निष्कर्ष निघत नाही असे कोणी म्हणाले असते, तर मी ऐकून घेतले असते. आपण ते म्हटलेच नाही.

आपण पुढे विचाराल की, भाजपमध्ये नुकत्याच आलेल्या गणेश नाईकांना २०१९ मध्ये ऐरोलीने कसे निवडून दिले? ऐरोली हा वेगळा मतदारसंघ आहे, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. मंदाताईही राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आल्या आणि २०१४ मध्ये लगेच जिंकल्या, हेही खरे. पण त्या वर्षी दोन्ही बाजूंच्या युती-आघाड्या मोडल्या होत्या, शिवसेनेचे विजय नाहटा तिसऱ्या क्रमांकावर राहूनही पन्नास हजारांच्या आसपास मते घेऊन गेले होते आणि राष्ट्रवादीच्या गणेश नाईकांचा पराभव १,४९१ मतांनी झाला होता. अशा चौरंगी लढतीला नियम लावता येत नाही.

प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न मोठा आहे. १९८४च्या जासईच्या शेतकरी आंदोलनावर आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेवर मी स्वतंत्रपणे लिहीन. एका लेखात सगळे कोंबणे माझ्या पद्धतीत बसत नाही. मतदानाच्या टक्केवारीचे म्हणाल, तर ज्याला हवी त्याने ती निवडणूक आयोगाच्या अहवालात पाहावी.

आपण खऱ्या नावाने लिहिले असते, तर हे उत्तर याहून मऊ झाले असते, असे माझी पत्नी म्हणते. मला तसे वाटत नाही. हद्दींविषयीचे ते एक वाक्य मी लेखात वाढवून दोन परिच्छेदांचे केले आहे आणि महापालिकेचे सालही सुधारले आहे. ‘घरबसल्या’ या शब्दाची दुरुस्ती आपल्याकडून येते का, त्याची वाट पाहतो.