एम-२४ वर काढू नका

सिडनीच्या उत्तरेला न्यूपोर्टसमोर, सुमारे ५४ मीटर खोल, जपानची एम-२४ ही छोटी पाणबुडी २००६ मध्ये हौशी डायव्हर्सना सापडली. ती वर काढून संग्रहालयात ठेवावी, असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तिला हात लावू नका. तिच्या दोन बहिणी कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेतच. त्याही एकाच देहात.

३१ मे १९४२ च्या रात्री तिघी सिडनी बंदरात शिरल्या. प्रत्येकी सुमारे २४ मीटर लांब, दोन माणसं, दोन टॉर्पेडो, आणि सगळी मदार बॅटरीवर. समुद्रात बॅटरी चार्ज करायची सोयच नाही. एम-१४ पाणबुड्या अडवायला लावलेल्या जाळ्यात अडकली, तेव्हा तिच्यावरच्या चुमान आणि ओमोरी यांनी आतली स्फोटकं उडवून तिचा पुढचा भाग स्वतःसकट संपवला. एम-२१ वर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडले. तिच्यावरच्या मात्सुओ आणि त्सुझुकु यांनी स्वतःला गोळ्या घातल्या. दोन्ही बोटी काही दिवसांतच वर काढल्या गेल्या, आणि एकीचं नाक व दुसरीची शेपटी जोडून एक पाणबुडी तयार झाली. ट्रकवरून सुमारे ४००० किमी फिरवून तिच्यावर नौसैनिकांसाठी निधी गोळा केला, आणि एप्रिल १९४३ मध्ये ती कॅनबेराला पोचली. ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींनी तिथे गेल्यावर आधी दोन्ही टोकं नीट न्याहाळावीत.

पण त्या पोलादाने खारं पाणी जेमतेम आठवडाभर सोसलं होतं. एम-२४ चं पोलाद ऐंशी वर्षांहून जास्त काळ मुरलंय. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड गंजाच्या थरांखाली जाऊन बसतं. पाण्याबाहेर हवा आणि दमटपणा लागला की तिथे आम्ल तयार होतं आणि पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. वरून रंग मारून काही होत नाही. क्लोराइड बाहेर काढायला आख्खी बोट कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवायची, मंद वीजप्रवाह सोडायचा, क्लोराइड मोजत द्रावण बदलत राहायचं, हे वर्षानुवर्षं चालतं. टाकी २६ मीटर लांब, ३ रुंद, ३ खोल धरली तरी सव्वादोन लाख लिटरच्या वर द्रावण लागतं. त्यात तांब्या-पितळेचे भाग पोलादापासून आधी सोडवावे लागतात, नाहीतर शेजारचं पोलादच आधी खाल्लं जातं. आणि ते सोडवायचे म्हणजे बोट कापायची.

कापणार कशी? आत बान आणि आशिबे या तिच्यावरच्या दोघांचे अवशेष असण्याची दाट शक्यता आहे, न फुटलेली स्फोटकंही असू शकतात. याच बोटीच्या टॉर्पेडोने कुट्टाबुल जहाजावरचे २१ नौसैनिक मेले, तरी ऑस्ट्रेलियाने ती जागा संरक्षित केली आणि तळाची वाळू त्या दोघांच्या नातेवाइकांच्या हाती दिली. तेवढंच वर यायला हवं होतं, आणि ते आलं.