त्या पाव सेकंदाचा खरा मालक

लग्नसराई तोंडावर आली की परभणी-नांदेडकडच्या कलाकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. मजकूर असा: वायरलेस मिडी (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत; तेच निरोप वायरऐवजी ब्लूटूथनं नेणारं यंत्र) घेऊ नका, पट्टी दाबल्यावर पाव सेकंदानं आवाज येतो, टोन पातळ होतो, जुन्या वाद्याला चालत नाही आणि गर्दीत मोबाईलमुळं बंद पडतं. सोबत पुरावा म्हणून व्हिडिओ. बोट आधी पडतंय, सूर मागाहून येतोय.

व्हिडिओ खोटा नाही. पण त्यात कोपऱ्यात काय ठेवलंय ते बघा. कीबोर्ड ब्लूटूथनं फोनला जोडलाय आणि फोनचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर सोडलाय. म्हणजे ब्लूटूथ दोनदा, आणि दोन्ही कामं वेगळी. कीबोर्डकडून फोनकडं जातो तो फक्त निरोप: कुठला सूर, किती जोरात, कधी सोडला. एका सुराला जेमतेम तीन बाइट. फोनकडून स्पीकरकडं मात्र अख्खा आवाज जातो. तो आधी दाबून लहान करायचा, पाठवायचा, तिकडं साठवून पुन्हा उलगडायचा. यात १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. तुमचा पाव सेकंद तो हाच.

आमच्या ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवणाऱ्या पोरानंही हेच केलं होतं. “दादा, मागं पडायलंय की!” म्हणत तो माझ्याकडं आला. मी स्पीकर बंद केला, फोनची पिन साध्या वायरनं मिक्सरला लावली. मिडी होतं तसंच ब्लूटूथवर. त्यानं केरव्याचे दोन फेरे वाजवले, माझ्याकडं बघितलं आणि स्पीकर पिशवीत टाकला. (काही अँड्रॉइड फोन वायर लावूनही थोडे मागं राहतात, पण तो दोष फोनचा.)

निरोपाला किती वेळ लागतो? ब्लूटूथ मिडीत फोन आणि यंत्राची गाठ ठरावीक अंतरानं पडते: कमीत कमी ७.५ मिलिसेकंद, आयफोनवर साधारण ११ ते १५. स्टेजवर ढोलकीवाला तुमच्यापासून पाच मीटरवर बसला, तर त्याची थाप तुमच्या कानाशी यायलाच १५ मिलिसेकंद लागतात. त्याबद्दल आजवर कुणी मेसेज फिरवला नाही. आणि मिडीची वायर, म्हणजे कॉर्ड, तरी कुठं तत्काळ आहे? १९८३ च्या मूळ मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर जायला जवळजवळ एक मिलिसेकंद, आणि सूर एकामागून एकच जातात.

टोन पातळ होतो, यावर फार लिहावं असं काही नाही. मिडीतून आवाज जातच नाही, तर पातळ काय होणार? टोन समोरच्या वाद्यात तयार होतो. बारीक वाटला तर आधी वेलोसिटी (पट्टी किती जोरात दाबली तो आकडा) आणि व्हॉल्यूम बघा.

जुन्या वाद्याचं म्हणाल तर मागं पाच भोकांचं गोल मिडी आऊट आणि इन आहे का बघा. असेल तर यंत्र बसतं. अशी बरीच यंत्रं वीज आऊटमधूनच घेतात, म्हणून जे वाद्य नुसतं ऐकणार आहे त्यालाही आऊट लागतं. इथं बरेच जण फसतात आणि ‘यंत्र खराब निघालं’ म्हणतात. फक्त यूएसबी असलेल्या कीबोर्डला वेगळं यंत्र मिळतं. दुसरी चूक म्हणजे फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथमध्ये जोडत बसणं. आयफोनवर तरी वाजवायच्या ॲपच्या आतून जोडायचं.

राहिली गर्दी. इथं मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तरी ब्लूटूथ ३७ चॅनेलांवर उड्या मारत जातं आणि निरोप पोचला नाही तर पुन्हा पाठवतं, म्हणून दोन-चार मीटरवर, मधे माणसं नसतील तर, सहसा अडत नाही. माणसाच्या अंगातलं पाणी हे सिग्नल खातं. यंत्र नर्तकांच्या पलीकडं ठेवू नका.

माझी फजिती मात्र गर्दीमुळं झालीच नाही. गणपतीतल्या एका कार्यक्रमात फोनमधल्या ॲपवरून कीबोर्डला सूर पाठवत होतो, तर भर गाण्यात जोडणी तुटली. सूर सोडल्याचा निरोप पोचलाच नाही आणि स्ट्रिंग्जचा एक सूर भोंग्यासारखा लागून राहिला. व्हॉल्यूम खाली ओढला तेव्हा सुटलो. झालं असं, की माझ्या फोनची बॅटरी संपली होती. चार्जिंगला लावून पुन्हा जोडायला गेलो, तर यंत्र दुसऱ्याच पोराच्या फोनला चिकटलेलं. बऱ्याच यंत्रांना पासवर्ड नसतो. आधी जोडेल त्याचं.

आता फोन फुल चार्ज, यंत्र सगळ्यांच्या आधी मी जोडतो, आणि ॲपमधलं पॅनिकचं, म्हणजे अडकलेले सगळे सूर बंद करायचं, बटण कुठं आहे ते तोंडपाठ. पाच पिनची मिडी कॉर्डही बॅगेत असतेच. तेवढ्यापुरतं तो मेसेज लिहिणाऱ्याचं आणि माझं एकमत आहे.