गंधार तूं सांबाळ

आज सकाळी मामाचा फोन आला. "अर्ज परत आला रे," म्हणाला. आवाजात जरासुद्धा राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या घराची कौलं सरकली आणि रात्रभर पाणी त्याच्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, ठिबकत राहिलं. पट्ट्या फुगल्या, भाता फाटला, पितळी सुरांवर हिरवं चढलं. कारागिराने आठ हजार सांगितले. मामाने वाद्यांसाठी मदत देणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. उत्तर काय, तर मदत नव्या वाद्यालाच मिळते, दुरुस्तीला नाही. नवं घ्यायचं तर आधी स्वतः घ्या, जीएसटीचं बिल जोडा, मग पैसे मिळतील. अहो, आधी घ्यायला पैसे असते तर हा माणूस तुमच्या दारात आला असता का?

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, इथे गोव्यात माशेलला एका घरी आरत्या झाल्या आणि भजन सुरू झालं. मामा कुणाकडून तरी मागून आणलेल्या पेटीवर बसला होता. तिची मधली पांढरी तीन, म्हणजे मधल्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी, मुकी. दाबली की नुसती हवा. भजन गाणारे बुवा काळी एकला सा धरून गाणारे, म्हणजे गेला तो नेमका कोमल गंधार, आणि अभंग तोच गंधार लागणाऱ्या भीमपलास रागातला! मामा बुवांच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "गंधार तूं सांबाळ रे बाबा."

बुवांनी सांभाळला. ती जागा आली की मामा बोट उचलायचा, आणि तिथे बुवांचा गळा एकटाच उभा राहायचा. समोर बसलेल्यांना काही कळलं नाही. मी मागे झांज घेऊन बसलो होतो, मला प्रत्येक वेळी कळत होतं. चाळीस वर्षं साथ करणाऱ्या माणसाने एका सुरासाठी गायकापुढे हात जोडायचे?

आणि आपण काय करतो? शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मामाच्या कपाटात सहा सन्मानचिन्हं आहेत. एकातूनही सूर निघत नाही.

२०१९ मध्ये आरत्यांना वाजणारं घुमट हे गोवा राज्याचं वारसा वाद्य झालं तेव्हा आपण सगळे खूश झालो. मीही झालो. पण घुमट मातीचं, आरत्यांच्या दिवसांत ते कधीतरी फुटणारच. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं मढवायचे, त्यावर बंदी आहे, ती योग्यच आहे. आता बकऱ्याचं कातडं मढवतात, पण भर पावसातल्या चवथीला तेही सैल पडतं. नव्या घुमटाचे, मढवण्याचे पैसे वाड्यावरची पोरं वर्गणी काढून उभे करतात. वारसा राज्याचा आणि वर्गणी पोरांची!

हो, योजना आहेत. वृद्ध कलाकारांना कला सन्मान योजनेचे पैसे मिळतात, हे मान्य. फुकट मिळालेली वाद्यं देवळाच्या कपाटात कुलूपबंद पडलेलीही मी पाहिली आहेत. म्हणून काय रोज वाजवणाऱ्याने मुक्या पट्टीवर बोट ठेवून बसायचं?

मोठं काही मागतच नाही कोणी. तबल्याची फाटलेली पुडी, भात्याचं कापड, गेलेला एखादा माईक. पाच-दहा हजार, पंधरा दिवसांच्या आत, कारागिराच्या साध्या चिठ्ठीवर. फसवणुकीची भीती वाटत असेल तर कलाकाराच्या हातात देऊच नका, सरळ कारागिराला द्या. फोंड्याचा आमचा कारागीर ओट्यावर बसून सूर मिळवतो, तो जीएसटीचं बिल कुठून आणणार?

लिहिता लिहिता मामाला परत फोन लावला. म्हटलं, पुन्हा अर्ज करूया, मी लिहून देतो. तर म्हणतो, "आता राहू दे. चवथ तोंडावर आली. बुवा आहेत ना." बुवांचं वय आता बहात्तर आहे. गेल्या महिन्यापासून त्यांचाही गळा बसलाय.

पेटी दुरुस्त होईल, पैसे आम्ही भाचे मिळून घालतोय, पण चवथीपर्यंत ती हातात येणार नाही. फोंडा, माशेल, म्हार्दोळ भागात कुणाच्या घरी न वाजवता ठेवलेली पेटी असेल तर अकरा दिवसांसाठी द्या. मी स्वतः येऊन नेईन, स्वतः आणून देईन. जुनी असली तरी चालेल. फक्त मधली पांढरी तीन वाजते ना, तेवढं बघून मला मेसेज करा.