कथा कुठे पाठवावी: ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कथा लिहून झाल्यावर ती कोणत्या नियतकालिकाकडे किंवा स्पर्धेकडे पाठवावी, या विषयावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तरही सविस्तरच देते, कारण आपले आक्षेप ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या अनेक लिहित्या माणसांच्या मनात आहेत.

आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: मी पत्ते आणि ईमेल न देता 'आधी अंक वाचा' असा गुळमुळीत सल्ला दिला, दिवाळी अंकांत ओळखीशिवाय कथा लागत नाही, मानधनाचे नाव कुणी काढत नाही, स्पर्धा हे प्रवेश शुल्क गोळा करण्याचे निमित्त झाले आहे, त्यापेक्षा कथा सरळ 'प्रतिलिपी' या कुणालाही कथा टाकता येणाऱ्या संकेतस्थळावर टाकलेली बरी. सोबत आपण स्वतःचा अनुभवही लिहिला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बंद पडलेल्या रसायन कारखान्याचा कामगार त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या आयटी पार्कमध्ये सुरक्षारक्षक म्हणून लागतो, अशी सुमारे नऊ हजार शब्दांची कथा आपण गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस सात दिवाळी अंकांना एकदमच ईमेलने पाठवली आणि एकाचीही पोच आली नाही.

आधी यादीविषयी. ती मी मुद्दाम दिलेली नाही. ईमेल बदलतात, काही अंक एखाद्या वर्षी निघतच नाहीत, ही त्याची किरकोळ कारणे. खरे कारण असे की यादी हाती आली म्हणजे सगळे अंक एकसारखे वाटू लागतात आणि एकच कथा सगळ्यांना धाडण्याचा मोह होतो. मराठी नियतकालिकांचे स्वभाव मात्र पहिल्यापासून वेगवेगळे आहेत. अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही तीन नियतकालिके काढली. विनोदासाठी 'मोहिनी', गूढ-अद्भुतासाठी 'नवल' आणि गंभीर ललित लेखनासाठी 'हंस', अशी त्यांची ओळख वाचकांच्या मनात पक्की झाली. एकाच संपादकाच्या अंकांत एवढा फरक असेल, तर वेगवेगळ्या हातांनी निघणाऱ्या अंकांत तो किती असेल, याचा विचार कथा पाठवण्याआधी व्हायला हवा.

'आधी अंक वाचा' हा सल्ला आपल्याला मोघम वाटला, म्हणून तो अमलात कसा आणायचा तेच लिहिते. आपल्याकडची बरीच वाचनालये दिवाळीनंतर दिवाळी अंक योजना चालवतात. ठरावीक वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक आळीपाळीने घरी नेता येतात. वाचक म्हणून अंक वाचून झाला की कथाकार म्हणून तो पुन्हा हातात घ्यावा आणि शेजारी वही ठेवावी. अनुक्रमणिकेत कथा किती आहेत आणि प्रत्येक किती पानांची आहे, हे टिपावे. दोन रकान्यांच्या भरगच्च छपाईत एका पानावर किती शब्द बसतात, ते एक पान मोजले की कळते. ज्या अंकातली सर्वांत मोठी कथा सहा पानांची आहे, तिथे नऊ हजार शब्दांची कथा बसणार नाही, हे मग कुणाला विचारावे लागत नाही.

त्यानंतर नावे पाहावीत. प्रत्येक अंकात काही नावे ठरलेली असतात. त्यांच्याकडून कथा मागवून घेतलेली असते. ती बाजूला काढावीत आणि उरलेल्यांपैकी किती नावे आपण यापूर्वी कुठेच वाचलेली नाहीत, ते मोजावे. हाच हिशेब त्या अंकाच्या आधीच्या दोन वर्षांवरही करावा. तीन वर्षांत एकही अपरिचित नाव आढळले नाही, तर तो अंक कितीही नामांकित असो, नवोदिताने आपली वर्षातली एकुलती कथा तिथे अडकवून ठेवू नये. दरवर्षी एखाद-दोन नवी नावे दिसत असतील, तर तिथे न मागवता आलेल्या कथा कुणीतरी वाचते आहे, असे समजायला हरकत नाही. मागच्या वर्षांचे अंक घरी नसतात, त्यांच्यासाठी ग्रंथालय गाठावे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालापासून उभे आहे. ज्या शहरात अशी संस्था आहे, तिथल्या कथाकाराने नुसत्या ईमेलच्या यादीवर विसंबून राहावे, हे मला पटत नाही.

ओळखीपाळखीच्या आरोपात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. अंकाची बरीच पाने मागवलेल्या साहित्याने भरतात. पण त्याचे कारण केवळ वशिला नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा तो बारा महिने चालणाऱ्या मासिकाचा विशेष अंक होता. आज बहुतेक दिवाळी अंकांमागे मासिक उरलेले नाही. 'सत्यकथा' हे कथेला वाहिलेले मासिक १९८२ साली बंद पडले आणि त्याबरोबर, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक नव्या लेखकाला पत्रे लिहून कथेचे पुनर्लेखन करून घेत, ती रीतही विरळ झाली. पुनर्लेखनाला महिने लागतात आणि ते महिने मासिकाकडे असतात. वर्षातून एकच अंक काढणारी दोन-तीन माणसे, तीही नोकरीधंदा सांभाळून, जाहिराती मिळवणे, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि वितरण यांतून कथा वाचतात. अशा वेळी ज्या लेखकाची कथा वेळेवर आणि छापण्याजोगी येईल, याची खात्री आहे, त्याच्याकडे ती मागितली जाते. हे न्याय्य आहे असे नाही, पण याच परिस्थितीत आपल्याला वाट काढायची आहे.

स्पर्धांचे एक वैशिष्ट्य इथेच उपयोगी पडते. नीट चालवलेल्या स्पर्धेत परीक्षकाला नाव दिसत नाही. मराठी विज्ञान परिषद १९७० सालापासून विज्ञानरंजन कथा स्पर्धा घेत आली आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी त्या स्पर्धेला कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून तिची प्रत त्यांनी पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. एवढ्या नामवंत शास्त्रज्ञाला आपले नाव बाजूला ठेवून केवळ कथेवर निकाल हवा होता. ज्याला अजून नाव नाही, त्याला तर अशी स्पर्धा फारच मोलाची आहे.

म्हणून स्पर्धेचे पत्रक हाती आले की बक्षिसाच्या रकमेआधी मी चार गोष्टी पाहते: कथेवर नाव घालू नये अशी सूचना आहे का, परीक्षक कोण हे जाहीर होते का, गेल्या वर्षीचा निकाल कुठे वाचायला मिळतो का, आणि विजेत्या कथा खरोखर छापल्या गेल्या का. प्रवेश शुल्काविषयीचा आपला राग मला पूर्ण मान्य आहे. शंभर रुपये असोत की पाचशे, कथा वाचून घेण्यासाठी लेखकाने पैसे भरू नयेत. 'आपली कथा प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे, सहभागासाठी दहा प्रती घ्याव्या लागतील' असा निरोप आला, तर ती निवड नसून विक्री आहे, हे ओळखावे. मात्र अशा मंडळींमुळे सगळ्याच स्पर्धांवर काट मारणे म्हणजे आपल्यासाठी उघडे असलेले एक दार आपणच लावून घेण्यासारखे होईल.

आपल्या प्रतिक्रियेत एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला ती मानधनाहूनही महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. अनेक स्पर्धांच्या पत्रकांत खालच्या बाजूला असे वाक्य असते: 'स्पर्धेसाठी आलेल्या सर्व कथांचे हक्क आयोजकांकडे राहतील.' हे वाक्य पुन्हा वाचावे. ते विजेत्या कथांपुरते नाही, आलेल्या सर्व कथांविषयी आहे. म्हणजे आपली कथा पहिल्या फेरीत बाद झाली तरी ती पुढे संग्रहात, श्राव्य कथेसाठी किंवा लघुपटासाठी वापरण्याचा हक्क आयोजक सांगू पाहतात. कायदा इतका सैल नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथेचा पहिला मालक लेखक असतो. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर ते लेखी असावे लागते आणि त्यावर लेखकाची सही लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत. तेव्हा पत्रकावर छापलेल्या एका ओळीने घाबरून जाऊ नये; पण त्याच ओळीखाली सही करताना किंवा ऑनलाइन अर्जात 'नियम मान्य' या चौकोनावर खूण करताना ती गोष्ट सहज म्हणून करू नये. आयोजकांना आधी एवढेच लिहावे: 'पारितोषिकप्राप्त कथा आपल्या अंकात एकदा प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील, असे मी समजते. कृपया तसे कळवावे.' प्रामाणिक आयोजक याला होकार देतात. जे टाळाटाळ करतात, त्यांच्याकडे कथा न पाठवलेली बरी.

मानधनाचेही तसेच. कथा स्वीकारल्याचे कळल्यावर 'मानधन असल्यास किती आणि केव्हा, हे कृपया कळवावे' असे विचारण्यात संकोच नसावा. काही अंक चांगले मानधन देतात, काही केवळ अंकाची प्रत देतात. जो अंक जाहिरातींवर चालतो आणि लेखकाला साधी प्रतही पाठवत नाही, त्याला पुढच्या वर्षी कथा द्यायची की नाही, हे लेखकानेच ठरवायचे आहे.

प्रतिलिपीवर माझा राग नाही. तिथे वाचक आहेत, ते तत्परतेने अभिप्राय देतात आणि क्रमशः चालणाऱ्या दीर्घ कथनाला ती जागा मानवते. फक्त क्रम लक्षात ठेवावा. बहुतेक संपादकांना आणि स्पर्धांना अप्रकाशित कथा हवी असते, आणि संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवर टाकलेली कथा अप्रकाशित मानली जात नाही. अंकात छापून आलेली कथा नंतर प्रतिलिपीवर टाकता येते, उलटा प्रवास सहसा होत नाही. कथा मुलांसाठी असेल, तर बालभारतीचे 'किशोर' मासिक वर्षभर निघते, त्यासाठी दिवाळीची वाट पाहावी लागत नाही. आणि संग्रहापुरत्या कथा जमल्या असतील, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. खिशातले पैसे घालून पुस्तक काढण्याआधी तिची माहिती जरूर घ्यावी.

आता आपल्या कथेविषयी. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस बहुतेक अंकांची पाने ठरून गेली असणार. आपल्या कथेला नकार मिळाला, असे धरण्याचे मला कारण दिसत नाही. ती उघडून पाहिली गेली असेल, याचीही मला खात्री वाटत नाही. शिवाय सगळे अंक एकाच पंधरवड्यात बाजारात येतात. सातांपैकी दोघांनी कळवल्याशिवाय ती छापली असती, तर एकातून मागे घ्यायला वेळच उरला नसता आणि दोन्ही संपादकांची दारे आपल्याला कायमची बंद झाली असती.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. वर सांगितल्याप्रमाणे अंक चाळून, दीर्घ कथेला जागा देणारे तीन अंक निवडावेत आणि त्यांचा पसंतीक्रम लावावा. मेच्या अखेरीस पहिल्या अंकाला युनिकोडमध्ये टंकलेली कथा पाठवावी. सोबतच्या पत्रात कथेचे सार सांगू नये आणि स्वतःची प्रशंसाही करू नये. एवढे पुरे: 'सोबत नऊ हजार शब्दांची अप्रकाशित कथा पाठवत आहे. आपल्या गेल्या दोन अंकांतील दीर्घ कथा वाचून ती आपल्याकडे पाठवावीशी वाटली. ती सध्या अन्य कुणाकडेही दिलेली नाही. १५ जुलैपर्यंत आपला निर्णय न कळल्यास अन्यत्र पाठवण्याची मुभा घेईन.' तारीख उलटली की दोन ओळींचे पत्र लिहून कथा मागे घ्यावी आणि दुसऱ्या अंकाकडे पाठवावी; तिथे मुदत थोडी कमी ठेवावी. स्पर्धांच्या शब्दमर्यादेत बसवण्यासाठी मात्र ही कथा कापू नका. कारखान्याच्या जागेवरच पहारा करणारा कामगार हा विषय आपल्या या पट्ट्याबाहेरच्या लेखकाला सुचणे अवघड आहे, आणि ज्या तपशिलांमुळे तो खरा वाटेल, तेच कापताना आधी जातील. स्पर्धेसाठी दुसरी, लहान कथा लिहावी.

अंकांची निवड झाली की ती तीन नावे इथेच खाली लिहावीत. त्यांपैकी जे अंक मी नियमित वाचते, त्यांत गेल्या काही वर्षांत कोणत्या प्रकारच्या दीर्घ कथा आल्या, ते मी आपल्याला आनंदाने सांगेन.