छपराखालचं डुक्कर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'चिआ' (家) म्हणजे घर. वर छप्पर, खाली डुक्कर, असं हे चिनी अक्षर बनलंय, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत : "हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान आहे. डुक्कर तिथे नुसतं उच्चारापुरतं आहे. जरा 'शुओवन' वाचा." ('शुओवन' म्हणजे अक्षरांची फोड सांगणारा जुना चिनी कोश.) शिवाय अक्षराच्या रेघा मोजायला चुकलो, उदाहरणं तोकडी, वगैरे.

रेघांचं आधी. मी नऊ लिहिल्या होत्या, त्या दहा आहेत : छपराच्या तीन, डुकराच्या सात. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

पण 'जरा वाचा' हे कुणाला सांगता? चौदा वर्षं ही भाषा शिकतोय, त्यातली दोन चीनमधल्या थ्येनचिन शहरात काढली. शेजारच्या आजी नातीकडून चौकटीच्या वहीत हेच अक्षर गिरवून घ्यायच्या. छपरावरचा ठिपका नीट बसायचा, डुकराचे पाय मात्र चौकटीबाहेर जायचे. आजी न बोलता खोडरबर पुढे सरकवायच्या. चूक अशीही दाखवता येते.

आता तुमचं ते 'नुसतं'. श्यू शन यांनी इ.स. 100च्या सुमारास 'शुओवन' लिहिलं. त्यांच्या मते खालचा भाग हा 'चिआ' असाच उच्चार असलेल्या दुसऱ्या एका अक्षराचा संक्षेप आहे. त्या अक्षराचा अर्थ काय? नर डुक्कर! म्हणजे उच्चारासाठी आणलं तरी आणलं डुक्करच. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आणि पुढे छिंग राजवटीत (1644–1911) याच ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या त्वान यूत्साय यांनाही श्यू शन यांचं म्हणणं पटलं नव्हतं. अक्षराचा मूळ अर्थच डुकरांची राहायची जागा, तो पुढे माणसांच्या घराला लागला, असं ते सांगतात. तेही व्हॉट्सॲपवरचं ज्ञान का?

चीनमधल्या अन्यांगला सापडलेल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर कोरलेली अक्षरं 1899 पासून अभ्यासकांच्या नजरेत आली, श्यू शन यांना ती पाहायला मिळाली नव्हती. त्यांत छपराखाली पोट सुटलेला प्राणी उभा दिसतो, काही ठिकाणी नर असल्याची खूणही दिसते. श्यू शन यांच्याच हान काळातल्या थडग्यांत तर डुकरांच्या आवारांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती सापडल्या आहेत. एकच घटक उच्चारही सांगू शकतो आणि अर्थही. चिनी लिपीत हे नवलाचं नाही.

उदाहरणं तोकडी म्हणता? 'ता-चिआ' म्हणजे सगळेजण, 'क्वो-चिआ' म्हणजे देश, दुकानं मोजताना 'सान चिआ', म्हणजे तीन. 'रू-चिआ' म्हणजे कन्फ्यूशियसची विचारपरंपरा. आपल्याकडे घरावरून गाण्याचं घराणं झालं, तसंच. हे सगळं लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत आहे. तिथवर तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

वाचा, मग बोलू. 'नुसतं' तेवढं वगळून.